ठराव, अंमल आणि आढावा : महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाची चिकित्सा

१

स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुधा त्यांची घटना, त्यांचे अधिकार आणि त्यांचे उत्पन्न या तीन अंगांनी अभ्यासिला जातो. या संस्थांनी नागरिकांच्या समतेविषयी कोणते संकल्प केले, ते सिद्धीस नेण्याचे काम कोणावर सोपविले आणि ते सिद्धीस गेले किंवा नाही हे कोणी तपासले, हा प्रश्न मात्र तुलनेने मागे राहतो. वास्तविक तो मागे राहण्याजोगा नाही. इंग्लंडमध्ये २०१० च्या समता कायद्याखालील नियमांनी स्थानिक कौन्सिलांवर दोन कर्तव्ये घातली आहेत. आपली समताविषयक उद्दिष्टे त्यांनी निदान दर चार वर्षांनी प्रसिद्ध करावयाची असतात, आणि त्या बाबतीतील माहिती दरवर्षी लोकांपुढे ठेवावयाची असते. संकल्प व आढावा यांची अशी कायदेशीर सांगड ही अलीकडच्या काळातील गोष्ट होय. परंतु ही सांगड नसेल तर काय घडते, याचा अनुभव मुंबई इलाख्याने १९२३ ते १९३७ या काळात घेतला आणि त्या अनुभवाचे केंद्र कुलाबा जिल्ह्यातील महाड हे लहानसे गाव होते.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणां सर्वांस परिचित आहे. सामाजिक क्रांतीच्या इतिहासातील त्याचे स्थान निर्विवाद असून त्याची पुनरुक्ती करण्याचा येथे हेतू नाही. प्रस्तुत निबंधात त्या घटनेकडे मुद्दाम एका मर्यादित दृष्टीने पाहावयाचे आहे. ज्या तळ्यावर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ते तळे नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वीच सर्वांना खुले केलेले होते. मग ठराव आणि ओंजळभर पाणी यांच्यामध्ये काय उभे होते? या प्रश्नाचे उत्तर केवळ रूढीच्या बळात शोधून भागत नाही. ते ठरावाच्या रचनेतही शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

या प्रकरणाचा आरंभ महाडमध्ये झालेला नाही, मुंबईच्या कायदेकौन्सिलात झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव कौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले, त्याचप्रमाणे सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गांना मोकळीक असावी, अशी शिफारस त्या ठरावात होती. (‘अस्पृश्य’ हा शब्द येथे व पुढे त्या काळच्या कागदपत्रांतील संज्ञा म्हणून योजिला आहे.) ठरावाचे तत्त्व जितके सोपे तितकेच बिनतोड होते. जे सर्वांच्या पैशाने उभे राहिले त्यावर सर्वांचा हक्क असला पाहिजे, एवढेच ते तत्त्व होय. शास्त्रार्थाच्या वादात न शिरता बोले यांनी प्रश्न सार्वजनिक खर्चाच्या भूमीवर आणून ठेवला, हे त्यांचे चातुर्य होते.

परंतु १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये कौन्सिलाचे ठराव हे शिफारसवजा असत. त्यांना कायद्याचे बळ नसे. म्हणून खरा प्रश्न सरकार या शिफारशीचे पुढे काय करते हा होता. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारी हुकूम निघाला, तो या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्याचे दोन भाग पडतात. सरकारच्या मालकीच्या व सरकारी खर्चाने चालणाऱ्या जागा आणि संस्था यांच्यापुरता ठरावाचा अंमल करण्याची आज्ञा खातेप्रमुखांना झाली. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र भाषा एकदम बदलली. कलेक्टरांनी आपापल्या हद्दीतील संस्थांना सल्ला द्यावा, आणि त्या संस्थांनी शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करावा, असे सुचविण्यात आले. म्हणजे खात्यांना आज्ञा आणि स्थानिक संस्थांना सल्ला. सल्लाही कृतीचा नव्हे, विचाराचा. तो विचारही पुन्हा इष्टतेचा. कौन्सिलात जे हक्काच्या भाषेत बोलले गेले होते, ते गावापर्यंत पोहोचेतो विनंतीच्या भाषेत उतरले.

हुकुमातील हे दौर्बल्य केवळ लेखनाचे नव्हते. गावातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व प्राथमिक शाळा यांचा मोठा भाग सरकारी खात्यांच्या हाती नसून म्युनिसिपालिट्या व लोकलबोर्डे यांच्याच हाती होता. जेथे अडचण सर्वांत मोठी तेथेच आज्ञेचा जोर सर्वांत कमी, अशी ही योजना होती. शिवाय संस्थेने विचार किती दिवसांत करावा, केलेल्या विचाराचा निर्णय कोणास कळवावा आणि प्रतिकूल निर्णय झाल्यास पुढे काय, याविषयी या सल्ल्यात काहीच नव्हते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, स्थानिक स्वराज्य हा त्या वेळी लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलेला विषय होता. स्थानिक संस्थांवर वरून सक्ती करणे हे स्वराज्याच्या तत्त्वाशी विसंगत ठरले असते, म्हणून सरकारने सल्ल्याचा मार्ग पत्करला. आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. परंतु स्वराज्य यातील ‘स्व’ कोणाचा, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. त्या काळचा मताधिकार मालमत्ता व करभरणा यांवर आधारलेला होता. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता ते बहुसंख्येने मतदारयादीबाहेर होते आणि ज्यांच्या सवलतीचा प्रश्न होता ते यादीत होते. अशा संस्थेला तिच्या स्वतःच्या न्यायाचा निवाडा तिच्याच मर्जीवर सोपविणे म्हणजे स्वायत्ततेचा आदर नव्हे. एका पक्षाला न्यायासनावर बसविण्याचाच तो प्रकार होय.

३

अशा परिस्थितीत महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, ही गोष्ट तिच्या श्रेयाच्या बाजूस मांडली पाहिजे. सल्ला नाकारण्याची मुभा असताना तिने तो स्वीकारला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे समतेचे मनःपूर्वक पुरस्कर्ते होते आणि पुढील संघर्षातही ते आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले. सारांश, महाडमध्ये कौन्सिलाची शिफारस होती, सरकारचा सल्ला होता, नगरपालिकेचा ठराव होता आणि पदाधिकाऱ्याची सदिच्छाही होती. नव्हते ते एवढेच की, या साऱ्यांमुळे एकाही माणसाला तळ्यावर जाऊन पाणी भरता आले नाही.

तळ्याचे स्थान लक्षात घेतले म्हणजे याचा उलगडा होतो. चवदार तळे गावाच्या हिंदू वस्तीत आहे. त्याच्या सभोवती खाजगी जमिनीच्या पट्ट्या, त्यांच्या पलीकडे नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे, अशी त्या काळी रचना होती. पाणी भरण्यास येणाऱ्या बाईला या घरांच्या डोळ्यांसमोरून जावे लागणार होते. तिच्या मागे ठराव होता, परंतु तिच्या सोबत कोणी नव्हते. तिला अडविले तर तक्रार कोणाकडे करावयाची, अडविणाऱ्यास कोणता दंड, पहिले काही दिवस तळ्यावर नगरपालिकेचा कोणी शिपाई उभा राहणार किंवा नाही, यांपैकी कशाचीही तरतूद ठरावाने केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच घरांच्या शेतांवर वा अंगणांत मजुरी मागावयाची आहे, हे तिला ठाऊक होते. अशा वेळी हक्क बजावण्याचा सारा भार, सारा धोका आणि सारा खर्च ज्याला हक्क मिळाला त्याच्यावरच टाकला गेला होता.

या अवस्थेचे मोजमाप एका आकड्याने होऊ शकते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या प्रतिनिधींसाठी सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ठरावाला तीन वर्षे उलटून गेली होती. नगरपालिकेने या तीन वर्षांत आपल्या ठरावाचा एकदा जरी हिशेब घेतला असता, तर तिला जे कळावयाचे ते या ४० रुपयांच्या खर्चात तिच्यासमोर आयते मांडलेले होते. परंतु ठरावाने हिशेब घेण्याची तारीख ठरविली नव्हती, आणि हिशेब न घेतल्याचा जाब विचारणाराही कोणी नव्हता.

प्रांतिक पातळीवर ही उणीव बोले यांच्या ध्यानात आलेली होती. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलापुढे दुसरा ठराव आणला. १९२३ च्या ठरावाचा अंमल करण्यास नकार देणाऱ्या म्युनिसिपालिट्या व लोकलबोर्डे यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा त्याचा आशय होता. ठरावांच्या इतिहासात हे पाऊल महत्त्वाचे आहे, कारण त्यात प्रथमच संकल्पाच्या जोडीला परिणाम ठेवला गेला. मात्र येथेही एक सूक्ष्म दोष राहिला. हा उपाय नकार देणाऱ्या संस्थेला लागू पडणारा होता. महाडने तर नकार दिलाच नव्हता. महाडने होकार दिला होता, आणि होकारापुढे काही केले नव्हते. ठराव करून स्वस्थ बसणाऱ्या संस्थेला पकडण्याचे साधन या उपायातही नव्हते. त्याकरिता अनुदानाची अट पुरेशी नव्हती. तळ्यावर जाऊन पाहणारा कोणी असावयास हवा होता.

४

२० मार्च १९२७ रोजी परिषदेच्या समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या या ठरावाची आठवण करून दिली आणि तो प्रत्यक्षात आणण्याचे कार्य परिषदेने करावे असे सुचविले. त्यानंतर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहता नगरपालिकेच्या ठरावाचा हा पहिला आढावा होता. तो संस्थेने घेतला नाही, ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांनी घेतला. आढाव्याचा निष्कर्षही त्याच दिवशी हाती आला. प्रतिनिधी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली, परतणाऱ्यांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचे पंचगव्याने शुद्धीकरण करण्यात आले.

यापुढे नगरपालिकेने जे केले ते अधिक उद्‌बोधक आहे. तिने ठरावाची अंमलबजावणी सुधारली नाही, तर ४ ऑगस्ट १९२७ रोजी ठरावच रद्द केला. बोले यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती. तीन वर्षे जो ठराव कोणाच्या डोळ्यांत सलला नाही, तो वापरला जाताच असह्य झाला. यावरून एक निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो. अंमल न होणारा ठराव हा विरोधकांनाही सोयीचा असतो. त्याची कसोटी लागते ती अंमलाच्या क्षणी. आणि जो हक्क बहुमताच्या ठरावाने दिला जातो तो बहुमताच्या ठरावाने काढूनही घेता येतो.

नंतरचा इतिहास न्यायालयाचा आहे. डिसेंबर १९२७ मधील दुसऱ्या परिषदेपूर्वी सवर्णांच्या वतीने दिवाणी दावा दाखल झाला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळविण्यात आला. न्यायालयाचा मान राखून परिषदेने तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवला. दावा चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकाली काढला. तळे खाजगी असल्याचा वादींचा पवित्रा टिकला नाही आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादिकालापासूनची रूढीही त्यांना सिद्ध करता आली नाही. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, शेवटी विजय मिळाला तो नगरपालिकेच्या ठरावाच्या आधारे नव्हे, तर विरुद्ध बाजूस आपली रूढी शाबीत करता आली नाही म्हणून. १९२४ च्या ठरावापासून या निकालापर्यंत १३ वर्षे लोटली होती. त्या ठरावाने प्रारंभीच आपल्या अंमलाची व्यवस्था लावली असती, तर संघर्ष टळला असता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मात्र त्या संघर्षात संस्था कोणत्या बाजूस उभी आहे, हे तरी निश्चित झाले असते.

५

महाडच्या अनुभवानंतर सरकारने एक निराळा मार्ग धरला. नोव्हेंबर १९२८ मध्ये दलित वर्ग व आदिवासी जमाती यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी व अमृतलाल ठक्कर हे तिच्या सदस्यांत होते. समितीने इलाख्याचे दौरे केले आणि मार्च १९३० मध्ये अहवाल सादर केला. ठराव करणे आणि ठरावाची स्थिती प्रत्यक्ष जाऊन पाहणे यांतील भेद येथे प्रथम संस्थात्मक रूपात दिसतो. शिवाय पाहणाऱ्यांत ज्यांच्या स्थितीची चौकशी व्हावयाची त्यांचेही प्रतिनिधी होते.

या प्रतिनिधित्वाचे मोल १९२९ मधील एका प्रसंगातून कळते. तो आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेविला आहे. समितीच्या कामासाठी खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे व आणखी एका सदस्याकडे आले होते. मुंबईस परतताना एका खेड्यातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावास उतरले. महार प्रवाशाला टांग्यातून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. अखेर टांगा मिळाला, परंतु हाकणारा नाही, तेव्हा तेथील महारांपैकी एकाने, सवय नसताना, लगाम हाती घेतला. वाटेतील पुलावर अपघात झाला आणि आंबेडकरांच्या पायाचे हाड मोडले. सरकारने नेमलेला, विषमतेची चौकशी करण्याचा अधिकार असलेला सदस्य त्या विषमतेतून सुटू शकला नाही. उलट, जी गोष्ट कलेक्टराच्या कागदावर कधीही उमटली नसती, ती त्याच्या प्रवासातच सिद्ध झाली. आढावा कोणी घ्यावयाचा हा प्रश्न म्हणूनच केवळ कार्यपद्धतीचा नाही. ज्याला टांगा नाकारला जात नाही त्याला टांगे मिळत नाहीत हे कळण्याचे कारण नसते.

६

स्वातंत्र्याच्या आगेमागे या अनुभवाचे कायद्यात रूपांतर होत गेले. १९४६ च्या मुंबई कायद्याने हरिजनांच्या सामाजिक अपात्रता दूर करण्याचा प्रयत्न केला. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, संपूर्णतः वा अंशतः सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराबाबत भेदभावास मनाई झाली. या खंडातील शब्दांत १९२३ च्या ठरावातील सार्वजनिक खर्चाचे तत्त्व स्पष्ट ओळखू येते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की जे शिफारस होते ते मूलभूत अधिकार झाले. कोणत्याही नगरपालिकेला ते ठरावाने रद्द करता येईनासे झाले.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने नकाराला शिक्षा ठेवली. सार्वजनिक पूजास्थाने व शिक्षणसंस्था यांच्या दोषी ठरलेल्या व्यवस्थापकांच्या बाबतीत सरकारी अनुदान थांबविण्याचीही तरतूद त्यात होती. बोले यांच्या १९२६ च्या कल्पनेचा हा दूरचा वारसा म्हणता येईल. तरीही आढाव्याची उणीव उरलीच होती. ती १९७६ च्या दुरुस्तीने भरून काढण्याचा प्रयत्न झाला. त्या दुरुस्तीनंतर हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्यात आलेल्या १५-अ या कलमाने राज्य सरकारांवर प्राप्त हक्क लोकांना खरोखर उपभोगता यावेत हे पाहण्याचे कर्तव्य टाकले. कायदेविषयक साहाय्य, देखरेखीसाठी अधिकारी, निरनिराळ्या पातळ्यांवरील समित्या, कायद्याच्या अंमलाची नियतकालिक पाहणी, ज्या भागात अपात्रता टिकून आहे त्या भागांची निश्चिती, आणि दरवर्षी संसदेपुढे अहवाल, या गोष्टी त्या कलमात क्रमाने आल्या आहेत. १९२३ मध्ये तत्त्व मान्य झाले आणि त्या तत्त्वाचा हिशेब ठेवण्याची रीत कायद्यात येण्यास १९७६ उजाडले. मध्ये ५३ वर्षे गेली.

प्रतिनिधित्वाच्या अंगानेही स्थानिक संस्थांचे रूप पालटले. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांना राखीव जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांच्या जागांचे प्रमाण निम्म्यावर नेले. १९२४ च्या महाड नगरपालिकेत जो ‘स्व’ अपुरा होता, तो भरून काढण्याची ही व्यवस्था आहे. मात्र सभागृहातील जागा आणि आढाव्याचे साधन या एकच गोष्टी नव्हेत. सभासदाला माहिती मिळाली नाही, ती मागण्याची तारीख ठरली नाही आणि मिळालेल्या माहितीवर कृती करण्याचे बंधन राहिले नाही, तर तो सभासदही १९२४ च्या ठरावासारखाच इतिवृत्तात उपस्थित आणि पाणवठ्यावर अनुपस्थित राहील.

७

या विवेचनातून निघणारे तात्पर्य थोडक्यात असे सांगता येईल. स्थानिक संस्थेच्या समताविषयक संकल्पाची परीक्षा त्याच्या तत्त्वाने होत नाही. ती चार प्रश्नांनी होते. काम कोणावर सोपविले? ते केव्हापर्यंत व्हावयाचे? न झाल्यास काय? आणि झाले किंवा नाही हे कोण पाहणार? सरकारच्या १९२३ च्या सल्ल्यात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. बोले यांच्या दुसऱ्या ठरावाने तिसऱ्याला हात घातला. स्टार्ट समितीने चौथ्याची वाट दाखविली. महाडच्या तळ्यावर ज्यांनी पाणी प्यायले त्यांनी चारही प्रश्नांची उत्तरे एका दुपारी स्वतःच्या जोखमीवर दिली. तसे करावे लागणे हेच त्या ठरावाचे अपयश होय.

आपल्या जिल्ह्यांतील नगरपालिका व जुनी लोकलबोर्डे यांच्या इतिवृत्तांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून एक दृष्टी मिळू शकेल. बोले ठराव कोणत्या संस्थेने संमत केला याची यादी करून थांबणे पुरेसे नाही. ठरावाच्या पुढील पानांवर त्याच विषयाचा पुन्हा उल्लेख येतो काय, अंदाजपत्रकात त्यासाठी एखादी रक्कम दिसते काय, कोणा कर्मचाऱ्याला तसे फर्मान गेले काय, हे शोधले पाहिजे. जेथे हे काही आढळत नाही तेथे ती मौनाची पानेही पुरावाच समजावीत. महाडच्या बाबतीत त्या मौनाची किंमत ४० रुपये पाण्याला आणि १३ वर्षे न्यायाला, अशी दप्तरात नोंदलेली आहे. इतर गावांच्या बाबतीत ती अद्याप मांडावयाची आहे.